घरकामगारांसाठी केंद्राचा कायदा कधी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या वर्णभेदाचा विषय निघाला की आपल्याकडे बसमधल्या वेगळ्या सीटा, वेगळ्या शाळा, वेगळे नळ याबद्दलच बोललं जातं. ते सगळं होतंच. पण तिथल्या काळ्या लोकांना पिढ्यानपिढ्या गरीब ठेवायला ज्या कायद्यांनी हातभार लावला त्यातल्या काहींमधे काळा-गोरा असा शब्दसुद्धा नाहीये, आणि गंमत नाही सांगत, ते कायदे कामगारांच्या भल्यासाठी म्हणूनच झाले होते, म्हणून हे पत्र.

१९३५ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या काळात सोशल सिक्युरिटीचा कायदा आला, कामगाराला म्हातारपणी पेन्शन मिळावी म्हणून. त्याच वर्षी युनियन करायचा हक्क देणारा कायदा झाला. मग १९३८ मधे मिनिमम वेजचा, तासाला २५ सेंट. या तिन्हीतून दोन कामं बाहेर ठेवली, शेतमजुरी आणि घरकाम. आता त्या काळात दक्षिणेतली काळी माणसं बहुतेक करून काय करायची, तर कापसाच्या शेतात राबायची आणि बायका गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणं, त्यांची पोरं सांभाळणं. सोशल सिक्युरिटीतून देशातले साधारण ६५ टक्के काळे कामगार बाहेर राहिले असं तिथले अभ्यासक सांगतात. संसदेतल्या मोठ्या कमिट्या दक्षिणेतल्या खासदारांच्या हातात होत्या, त्यांना दुखवून बिल पास होणं अवघड होतं. काही इतिहासकार म्हणतात की पेन्शनच्या बाबतीत कारण वेगळं होतं, घराघरातून वर्गणी गोळा कशी करायची ही अडचण सरकारी खात्यानंच पुढे केली होती. असेलही. पण जिची पेन्शन गेली तिला कारण कुठलं का असेना, म्हातारपणी पोरांच्याच तोंडाकडे बघावं लागलं, आणि त्या पोरांच्या हातात शिक्षणासाठी, घरासाठी जे काही उरलं असतं ते आईबापाच्या औषधपाण्यात गेलं. गरिबी अशी पुढच्या पिढीकडे जाते.

पेन्शनमधे नियमित घरकाम करणाऱ्यांना १९५० ला घेतलं. मिनिमम वेजसाठी मात्र १९७४ उजाडलं. म्हणजे १९३८ ला वीस वर्षांची असलेली बाई तोवर ५६ वर्षांची झाली. त्यासाठी संसदेत भांडली ती शर्ली चिझम, तिथल्या संसदेवर निवडून आलेली पहिली काळी बाई, जिची स्वतःची आई लोकांकडे घरकाम करायची. १९७३ ला राष्ट्राध्यक्ष निक्सननं ते बिल परत पाठवलं होतं, पुढच्या वर्षी सही करावी लागली. बाहेर अटलांटात डोरोथी बोल्डेन नावाच्या घरकाम करणाऱ्या बाईनं १९६८ पासून बायकांची संघटना बांधली होती, तो रेटा पण होताच. तरी अजून सगळं झालेलं नाही बरं का, युनियनच्या त्या १९३५ च्या कायद्यातून शेतमजूर आणि घरकामगार आजही बाहेरच आहेत, शेतमजुराला केंद्राच्या कायद्यानं ओव्हरटाइम नाही. २०१९ मधे तिथल्या खासदार कमला हॅरिस आणि प्रमिला जयपाल यांनी घरकामगारांच्या हक्कांचं बिल मांडलं, ते पास झालं नाही. न्यूयॉर्कसारख्या काही राज्यांनी आपापले कायदे केले पण शेजारच्या राज्यात गेलं की ते संपले, म्हणून देशाचाच कायदा लागतो.

आता हे पुण्यात बसून मी का लिहितेय? माझ्या आईनं आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली, ७२ च्या दुष्काळात तिचे आईवडील मराठवाड्यातून इथे आले होते. आमच्या वस्तीत बहुतेक घरी हीच गोष्ट आणि जातीही त्याच, कोण संडास धुणार आणि कोणाला स्वयंपाकघरात घेणार हे अजून जात बघून ठरतं, कप वेगळा ठेवतात ते तर आहेच. आपल्या राज्यात २००८ ला घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, चांगलं झालं, पण तो मदतीचा कायदा आहे, पगार किती, सुट्टी किती, काढून टाकलं तर काय, हे त्यात नाही. सुट्टी आणि पगारासाठी पुण्यातल्या बायकांनी १९८० मधेच संप केला होता! २०११ ला जिनिव्हात घरकामगारांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, भारतानं बाजूनं मत दिलं आणि आजवर तो करार मंजूर मात्र केला नाही. जानेवारी २०२५ मधे सुप्रीम कोर्टानं केंद्राला सांगितलं की कमिटी नेमून घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करा. कोर्टाला सांगावं लागतं याचंच मला वाईट वाटतं.

नुसतं कल्याण मंडळ, नुसतं कार्ड, नुसती भांड्यांची पेटी यानं भागणार नाही. रोजीचा दर, आठवड्याची सुट्टी, बाळंतपणाची रजा, साठीनंतर पेन्शन, आणि हे मिळालं नाही तर तक्रार कुठे करायची, हे सगळं केंद्राच्या कायद्यात लिहिलेलं हवं. आणि तो कायदा लिहिताना त्या बायकांना टेबलाशी बसवा.

तुम्हाला एकच विनंती. महाराष्ट्रातून लोकसभेवर ४८ खासदार जातात. तुमच्या बातमीदारांनी त्या प्रत्येकाला विचारावं की घरकामगारांच्या केंद्रीय कायद्याला तुमचा पाठिंबा आहे का, असेल तर संसदेत कधी बोललात, आणि उत्तरं नावानिशी छापावीत, जे उत्तर देणार नाहीत त्यांची पण नावं.

आपली,
एक वाचक, पुणे