पुढारीपण शिकता येते, शिकवावेही लागते

माननीय संपादक,

सरपंचांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की ‘पुढारी जन्मावाच लागतो, वर्गात बसून कोण पुढारी झालाय?’ हे हटकून ऐकू येते. माझी सगळी नोकरी पंचायतींच्या कामात गेली, म्हणून लिहितो.

अंगचे गुण असतातच. पण गोपाळ कृष्ण गोखलेही न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल आणि आकडेवारी तपासत घडले. १८९७ मध्ये लंडनला वेल्बी आयोगापुढे हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष देताना तोच अभ्यास कामी आला. पुढे १९०५ मध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सभासदाला पाच वर्षे शिकाऊ म्हणून उमेदवारी करायला लावली. जन्मजात गुणांवर भागले असते, तर गोखल्यांनी ही अट कशाला घातली असती?

‘अनुभवाने येतंच की,’ असेही म्हणतात. सरपंचाची मुदत पाच वर्षांची, त्यात आरक्षण फिरते. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. पहिल्यांदाच निवडून आलेल्या बाईसमोर ग्रामसेवक कागद सरकवतो, ‘ताई, इथं सही करा.’ शिकलेली सरपंच आधी कॅशबुक आणि पासबुक मागते, दोन्हींतली शिल्लक जुळते का पाहते. गटाराचे बिल असेल तर मोजमाप पुस्तकात लांबी किती लिहिली आहे ते वाचते आणि गटारावर जाऊन टेप लावते. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असा कायदाच आहे, हे तिला ठाऊक असते. मग पाण्याचा विषय तिथेच पक्का होऊन ग्रामसभेत येतो. हे अनुभवाने उमगेपर्यंत मुदत सरते आणि चुकांची किंमत गाव मोजते.

हॉटेलात दोन दिवस टाळ्यांची भाषणे ऐकून मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर लोक चिडतात, ते मात्र योग्यच आहे. त्याला मी अभ्यास म्हणत नाही.

निवडणुकीनंतर तीन महिन्यांच्या आत, ज्या त्या पंचायतीचे दप्तर पुढ्यात ठेवून प्रशिक्षण व्हावे, वर्षभराने पुन्हा व्हावे. आणि सरपंचबाईंच्या जागी त्यांचे यजमान येऊन बसले, तर त्यांना दारातूनच परत पाठवावे.

– एक निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत), जि. सातारा