जांभळ्या झाकणाची नळी वेळेवर भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्मतः ठणठणीत दिसणारं बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध सोडतं, झटके येतात, आठवड्याच्या आत जातं. कागदावर ‘जंतुसंसर्ग’ लिहिलं जातं, कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू मात्र सापडलेला नसतो. दीड-दोन वर्षांनी त्याच घरात दुसरं बाळ तसंच जातं. अशा वेळी चयापचयाचा, म्हणजे शरीरात अन्नाचं रूपांतर होण्याच्या क्रियेतला, आनुवंशिक आजार डोक्यात यायलाच हवा. पण तो शोधायचा कशातून? पहिल्या बाळाच्या रक्ताचा थेंबही कुणी ठेवलेला नसतो.

मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत जुनी आहे. आते-मामे भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. त्यामुळे एकच दोषी जनुक दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा येतो, म्हणून एकट्या सुनेला बोल लावणं साफ चूक आहे. नात्यातली लग्नं आणि असे आजार यांचा संबंध ब्रिटिश डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड यांनी १९०२ मध्येच मांडला होता. आपल्या केसपेपरवर मात्र नात्यातल्या लग्नाचा रकाना आजही बहुतेक वेळा कोराच राहतो. ‘नात्यात लग्न झालंय का?’ असं विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं, कारण मामाचं घर लोकांना या प्रश्नातलं ‘नातं’ वाटतच नाही. ‘सासू लग्नाआधी तुमची आत्या होती का?’ असं विचारा, लगेच ‘हो’ म्हणतात.

आता डीएनए तपासणीसाठीच्या नमुन्याचं. दोन मिली रक्त गुठळी होऊ न देणाऱ्या ईडीटीएच्या, म्हणजे जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावं आणि नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटसुलट करावी. जोरात हलवू नये. हिरव्या झाकणाच्या नळीत हेपॅरिन असतं, ते पुढे पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्यात, अडथळा आणतं. लाल झाकणाच्या नळीत रक्ताची गुठळी होते. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधीच घ्यावा, नाहीतर रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशी आणि त्यांतला डीएनए त्यात मिसळतो. नळी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात, २ ते ८ अंशांवर ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नाही. मे महिन्यात पुण्या-मुंबईला पाठवताना थर्माकोलच्या डब्यात जेलपॅक घालावा, पण नळी त्याला थेट टेकू देऊ नये, मध्ये वर्तमानपत्राची घडी असावी. फ्रीजचा भरवसा नसेल तिथे फिल्टर पेपरच्या वर्तुळांवर रक्ताचे थेंब घ्यावेत, सावलीत तीन-चार तास वाळवावेत आणि ओलावा शोषणाऱ्या पुडीसह पिशवीत बंद करावेत. बाळ गेल्यावर घेतलेला उतीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर डीएनए तुटतो, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

एवढी घाई कशासाठी? एक्झोम चाचणीत सुमारे २० हजार जनुकांचा प्रथिनं घडवणारा भाग वाचतात. अहवाल यायला काही आठवडे जातात, आणि त्यात अनेकदा ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल निघतो. तो पारखायला आईवडिलांचे नमुनेही लागतात. बाळाचा नमुना नसताना नुसत्या आईवडिलांना तपासता येतं, पण ते अंधारात चाचपडणंच. पुढच्या गरोदरपणात वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेतात. नेमका दोष तोवर ठाऊक नसेल तर त्या नमुन्यात शोधणार काय? विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत हे आजार बहुधा दिसत नाहीत. काही कुटुंबं कायद्याच्या धाकाने ही चाचणी टाळतात. नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक आजारासाठी गर्भाची तपासणी करायला पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान रोखणाऱ्या, कायद्याची परवानगी आहे. बंदी लिंग सांगण्यावर आहे.

मराठवाड्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डीएनए काढून उणे २० अंशांवर ठेवण्याची सोय उभी करणं अवघड नाही. काढलेला डीएनए वर्षानुवर्षं टिकतो. निदान न झालेल्या प्रत्येक गंभीर नवजात बाळाचा नमुना, आईवडिलांच्या मराठीतल्या एकपानी लेखी संमतीने, पहिल्याच दिवशी राखून ठेवावा. नमुन्यासोबत तीन पिढ्यांची वंशावळ असावी, आजोळच्या गावांच्या नावांसकट. हा आदेश आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांनी मिळून काढावा, कारण जिल्हा रुग्णालयांतले नवजात कक्ष एकाकडे आहेत आणि महाविद्यालयं दुसऱ्याकडे.

– एक बालरोगतज्ज्ञ, लातूर