पत्ता नसलेलं आभारपत्र

ओम् स्वस्त्यस्तु, इबु!

तुम्हाला मराठी येत नाही. तुमचा मुलगा फोनवर याचं इंडोनेशियन करून तुम्हाला वाचून दाखवेल, आणि त्यात अर्थाचा थोडाफार अनर्थ होणारच. तरी मराठीतच लिहितेय. आईला शब्दन् शब्द ऐकायचाय, हे एक कारण. दुसरं असं, की आम्ही सांगलीला परतल्यापासून जो तो माझ्याकडे ‘बालीच्या त्या वैद्यबाबांचा’ पत्ता मागतोय. कुणाची पाठ, कुणाचे गुडघे, एकीच्या मुलीचं जुळत नसलेलं लग्नसुद्धा. त्या सगळ्यांना इथेच सांगून टाकते, पत्ता मिळणार नाही. निघताना तुम्ही आमच्याकडे एवढंच मागितलं होतंत, की गावाचं आणि जेरोंचं, म्हणजे त्या वैद्यबाबांचं, नाव इंटरनेटवर टाकू नका. तेव्हा उबुदच्या उत्तरेला, गियान्यार जिल्ह्यात, भातखाचरांच्या कडेने जाणारा एक रस्ता. एवढ्यावर भागवा, मंडळी.

आईचा उजवा खांदा बरेच महिने धरलेला होता. वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी. इथल्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून सांगितलं होतं, व्यायाम दिले होते, आणि आई ते मनात आलं तर करायची. विमानात वरच्या कप्प्यात पिशवी ठेवायला गेली आणि दुखणं पुन्हा उसळलं. तुमच्या घरी उतरलो त्या संध्याकाळी ती गप्प होती. अंगणाच्या ईशान्य कोपऱ्यातलं तुमचं देवघर बघून मात्र तिला बरं वाटलं. “दिशा बरोबर आहे,” म्हणाली. आमच्याकडे घर बांधताना ईशान्येवरून किती वाद होतात ते तुम्हाला कधीतरी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सासऱ्यांच्या पायांना लावायला बोरेह वाटत बसला होतात. दगडी खलात तांदूळ, आलं, लवंगा, जायफळ. आई वासावर तिथे येऊन बसली. एक मूळ सोडून सगळं तिने ओळखलं, आणि ते मूळ कुळिंजन निघालं. तुम्ही न विचारता थोडा लेप तिच्या मनगटाला लावलात. दिवसभर चिखलात उभं राहून भातलावणी करणाऱ्यांचं हे औषध, अंगात ऊब आणणारं, असं तुम्ही सांगितलंत. मग तुमचं इंग्रजी, आईचं मराठी आणि मध्ये मी, अशा गप्पा सुरू झाल्या. त्यातच आईने विचारलं, तुमच्याकडे हाडवैद्य असतो का?

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. त्याबद्दल पहिले आभार. उबुदच्या रस्त्यावर पाट्या लावलेले उपचारक आहेत, दर ठरलेले, फोटो काढायला जागा ठरलेली. तिकडे पाठवून तुम्ही मोकळ्या झाला असता. तुम्ही आधी आईची चौकशी केलीत. डॉक्टर काय म्हणाले, गोळ्या कोणत्या, साखर आहे का, रक्तदाब आहे का. साखर आहे हे कळल्यावर संध्याकाळी जे लोलोह दिलंत त्यात तिच्या पेल्यात ताडगूळ घातला नाहीत. ते आंबट हिरवं पेय पिताना आईने परसातलं झाड विचारलं, पान चुरगळून हुंगलं आणि ओरडली, “अगं, हा तर अंबाडा!” तिचं माहेर वेंगुर्ल्याचं. तिकडे अंबाड्याच्या फळांचं सासव करतात, तुमच्याकडे त्याच झाडाच्या पाल्याचं लोलोह. त्या दिवसापासून ती तुमच्या स्वयंपाकघरातच राहायला गेली म्हटलं तरी चालेल.

मग तुम्ही आम्हाला बालियान, म्हणजे तुमच्याकडचे पारंपरिक उपचारक, कोण कोण असतात ते समजावलंत. बालियान उसादा ताडपत्रांवरच्या वैद्यकावरून शिकलेले. बालियान ताक्सू म्हणजे ज्यांच्या तोंडून देव किंवा पितर बोलतात असं लोक मानतात. हाडं आणि शिरा बघणारे निराळे, बाळंतपणं करणाऱ्या निराळ्या. “तुमच्या आईचा खांदा दुखतोय. पितरांना कशाला उठवायचं?” असं तुम्ही म्हणालात आणि मी जरा सैल झाले. मी ज्या राज्यातून आले तिथे २०१३ साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा भर रस्त्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरच्या हे सगळं बघत आणि त्यावर भांडत आम्ही मोठे झालो. त्यामुळे माझा एक डोळा पहिल्यापासून संशयाचा होता. तुम्हाला तो दिसत होता. तुम्ही मनावर घेतलं नाहीत.

दिवस ठरवायला तुम्ही भिंतीवरचं कॅलेंडर काढलंत. एकेका चौकोनात इतकं बारीक छापलेलं, की आमच्या कालनिर्णयानेही हात टेकावेत. २१० दिवसांचं चक्र वेगळं, चंद्राचे महिने वेगळे, वर शक. आईने वर १९४७ वाचलं आणि विचारलं, “आपल्या स्वातंत्र्याचं साल इथे कशाला?” ते शकाचं साल. आमच्या गुढीपाडव्यालाही शके १९४७ च लागलं होतं, आणि २०२५ मध्ये तुमचा न्येपी, म्हणजे तुमच्या शकाचा नववर्षदिन, पाडव्याच्या आदल्याच दिवशी होता. तुम्ही त्या दिवशी दिवे बंद करून, घराबाहेर न पडता, गप्प बसता. आम्ही ढोल-ताशे वाजवत शोभायात्रा काढतो. आईचं मत तुमच्या बाजूने पडलं.

जायच्या दिवशी तुम्ही आम्हाला कामेन नेसवलंत, कमरेला सेलेंदांग बांधलंत, आणि फोन पिशवीत तळाशी ठेवायला सांगितलंत. घरात अलीकडे कुणी गेलंय का, कुणाला पाळी आहे का, हेही विचारलंत. या दुसऱ्या प्रश्नावर मी एरवी वाद घातला असता. तिथे घातला नाही, घर त्यांचं होतं. नारळाच्या कोवळ्या पात्याची चानांग, म्हणजे नैवेद्याची छोटी परडी, तुम्ही स्वतः विणलीत, फुलं मांडलीत, आणि पैसे फुलांखाली सरकवायला लावलेत. किती ठेवू विचारल्यावर म्हणालात, तुमच्या गावात हाडवैद्याला द्याल तेवढे. आम्ही लाख रुपियाची लाल नोट ठेवली, म्हणजे आपले पाच-साडेपाचशे. जेरोंनी तबक देवापुढे ठेवलं. फुलांखाली काय आहे ते आम्ही असेपर्यंत तरी त्यांनी पाहिलं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही घरीच सांगून ठेवली होतीत. जेरो कधीकधी औषध चावून दुखऱ्या जागेवर फुंकरून टाकतात, त्याची आईला किळस वाटेल का? आई म्हणाली, “थुंकणार?” तुम्ही हसत सुटलात, आणि तिथे गेल्यावर आधीच त्यांच्या कानावर घातलंत. त्यांनी मुकाट खल मागवला. केवढी साधी गोष्ट, पण आधी विचारलं म्हणून आईची लाज राहिली आणि त्यांचाही मान राहिला.

ओसरीवर आमच्याआधी स्कूटरवरून पडलेला एक तरुण होता, एक शेतकरी होता. आमच्यानंतर तापलेलं मूल घेऊन एक बाई आली, तिला सगळ्यांच्या आधी आत घेतलं. परदेशी पाहुण्या म्हणून आम्हाला पुढे काढलं नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. जेरोंशी बोलताना तुमचा आवाजच बदलला. घरातली बाली वेगळी आणि मोठ्यांशी बोलायची आदराची बाली वेगळी, हे वाचलेलं होतं, त्या दिवशी कानांनी ऐकलं.

त्यांनी आईला जन्मवार विचारला. आता आईच्या पिढीचा जन्म शाळेच्या दाखल्यावर १ जूनला झालेला असतो, मास्तरांच्या सोयीने. खरा दिवस म्हणाल तर नागपंचमीच्या आसपास कधीतरी. मी हे तुम्हाला समजावताना घामाघूम झाले. तुम्ही त्यांना काय सांगितलंत कोण जाणे, म्हातारबुवा खदखदून हसले आणि राहू दे म्हणाले. मग लाकडी काडीने पायांच्या बोटांवर दाब दिला. आईने “आई गं!” म्हणून अशी किंकाळी फोडली, की ओसरीवरचा तो स्कूटरवाला उठून बघायला आला. खांदा मात्र त्यांनी बोटांनी नुसता चाचपला. ओढला नाही, कडकड वाजवला नाही. या वयाचं हाड आहे, आत काय आहे ते दिसत नाही, घरी गेल्यावर फोटो काढा, तोवर शेक आणि बोरेह, आणि हात बांधून ठेवू नका. तुम्ही हे वाक्यावाक्याला थांबून सांगितलंत.

आता ज्यासाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला घेतलं, ते.

आई मला हळूच म्हणाली, “विचार त्यांना, कुणी करणी केलीय का.” मला धक्का बसला. आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. पण खांदा धरल्यापासून एका नातेवाईक बाईंनी ते तिच्या कानात भरवलं होतं आणि ती ते एकटीच वागवत होती. मी भाषांतर करायला कचरले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, आईकडे पाहिलंत, आणि विचारलंत, काय म्हणतायत त्या? मी सांगितलं. तुम्ही तो प्रश्न जसाच्या तसा जेरोंपुढे ठेवलात.

त्या क्षणी मी घाबरले होते, इबु. तुमच्याकडेही चेटूक मानतात. न दिसणाऱ्या जगातून आजार येतात हे तिथे कुणाला नवं नाही. त्या माणसाने नुसती मान हलवली असती, तर आई पुढची कितीतरी वर्षं त्या बाईंच्या सांगण्यावर उतारे काढत बसली असती. माझ्या मावशीचं असंच झालं. एका मांत्रिकाने एकदा ‘आहे’ म्हटलं आणि तिच्या पाटल्या गेल्या, झोप गेली, सख्ख्या जावेशी बोलणं कायमचं तुटलं. तो ‘आहे’ म्हणायला काही कष्ट पडत नाहीत, समोरचं माणूस आधीच अर्धं तयार असतं.

जेरोंनी आईच्या खांद्यावर पुन्हा हात ठेवला. बोलले थोडंच. तुम्ही सांगितलंत, “नाही म्हणतात. वय आहे, साखर आहे. कुणावर राग धरू नका.”

त्यानंतर ते तुमच्याशी बराच वेळ बोलत राहिले. आईने अधीर होऊन विचारलं, माझ्याबद्दल आणखी काय म्हणाले? एखादीने तिथे काहीतरी गूढ, गोड रचून सांगितलं असतं आणि आम्ही ते भक्तिभावाने घरी आणलं असतं. तुम्ही म्हणालात, “माझ्या भावाच्या गुडघ्याची चौकशी करत होते.” पदरचं एक अक्षर घातलं नाहीत. जेरोंनी खरं सांगितलं याबद्दल त्यांचे उपकार आहेतच, पण ते आमच्यापर्यंत खरं पोचलं ते तुमच्यामुळे.

परतताना गाडीत तुम्ही तारू प्रमाणाची, म्हणजे झाडांच्या औषधी गुणांवरच्या तुमच्या ताडपत्राची, गोष्ट सांगितलीत. म्पू कुतुरान नावाच्या ऋषींच्या औषधांना गुण येईना, म्हणून ते स्मशानात ध्यानाला बसले, आणि वडापासून सुरुवात करून एकेक झाड पुढे येऊन आपली ओळख सांगू लागलं, माझं पान गरम, माझं मूळ थंड, माझा चीक अमक्यावर घाल. आईला ही गोष्ट फार आवडली. पुढे आम्ही सिंगराजाला गदोंग कीर्त्या बघायला गेलो ते त्यामुळेच. १९२८ सालचं ते ताडपत्रांचं ग्रंथालय. पात्यावर सुरीने अक्षरं कोरून त्यांत काजळी भरतात, ती पाती दोरीत ओवून ठेवलेली. तिथे आई जेवढी रमली तेवढी ती समुद्रावर रमली नाही, आणि बालीला जाऊन समुद्र नीट न बघता आलेल्या आम्ही दोघीच असू.

जेरोंना निरोप द्या, फोटो काढला. हाड ठीक आहे. डॉक्टर म्हणाले की हा आजार बहुतेकांचा दोन-तीन वर्षांत हळूहळू सुटत जातो, साखर असणाऱ्यांना जास्त छळतो, आणि व्यायामाला पर्याय नाही. तेव्हा खांदा मोकळा होतोय याचं श्रेय मी बोरेहला देत नाहीये, पत्ता मागणाऱ्यांनी हेही वाचावं. बदल झालाय तो एवढाच, की आई आता व्यायाम न सांगता करते आणि त्या नातेवाईक बाईंकडे हळदीकुंकवाला जाऊन आली.

सोबतच्या पार्सलमध्ये गोडा मसाला आहे आणि सासऱ्यांसाठी सुंठ. मसाल्यात तीळ आणि सुकं खोबरं असतं, लवकर संपवा. आईने तुमच्यासाठी एक प्रश्न राखून ठेवलाय. बोरेहचे तांदूळ भिजवून वाटायचे की कोरडे? भिजवून वाटले तर लेप ओघळतो, कोरडे वाटले तर वाळून पपडी धरते आणि पलंगभर पडते. कुळिंजनही इथे वाळलेलंच मिळतं, तर ते किती घालायचं? मुलाला सांगून लवकर कळवा. ती रोज विचारतेय.

ओम् शांति शांति शांति ओम्.

तुमच्या अंगणात राहून गेलेल्या दोघी,
सांगली