दादा, त्या दुपारी कडी उघडी होती

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हीच नको म्हणालात. द्वारकाच्या पुलाखाली, पंचवटीत घाटावर लोक ज्यांना ‘गर्दुल्ले’ म्हणून हाकलतात, त्यांना तुम्ही नावाने हाक मारता. तेवढी ओळख पुरे.

तुम्ही पहिल्यांदा नाशिकरोडला आमच्या घरी आलात तेव्हा मी तुमच्याशी नीट बोलले नव्हते. धाकटा भाऊ तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहून आदल्या दिवशीच परतला होता. आईने शिरा केला होता. आणि तुम्ही म्हणालात, “ताई, धोका आता जास्त आहे.” केंद्रातून सोडताना हमीपत्रावर सह्या घेतल्या, उपदेशही केला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांत शरीराची सवय मोडते, जुनं माप मात्र डोक्यात तसंच राहतं. पूर्वी जेवढी पावडर, म्हणजे ब्राउन शुगर, पचायची तेवढीच आता श्वास थांबवते. जेलमधून सुटलेल्यांचंही असंच होतं म्हणालात. तुमचे दोन मित्र असेच गेले, हे मला फार नंतर कळलं.

मग तुम्ही त्याला म्हणालात, “शपथ घालत नाही. पण घेतलीसच तर एकटा असताना नको. दारूवर नको, झोपेच्या गोळीवर नको. आणि खोलीची कडी लावू नकोस.” मी ओरडले, की ही तर घरात बसून घ्यायची परवानगी झाली. तुम्ही आवाज चढवला नाहीत. “परत घेईल असं धरून तयारी ठेवा, ताई. नाही घेतली तर चांगलंच आहे.” आणि बसून मला सगळं शिकवलंत. मी रागातच ऐकलं. पण ऐकलं.

सहाव्या दिवशी दुपारी तो घोरत होता. आई म्हणाली, झोपू दे, किती दिवसांनी शांत झोपलाय. पण ते घोरणं वेगळं होतं, घशात पाणी अडकल्यासारखं, मध्येच तुटणारं. तुम्ही तो आवाज काढून दाखवला होता म्हणून मी उठले. दार ढकललं, उघडलं. ओठ निळसर, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. हाका मारल्या, छातीच्या हाडावर मुठीने घासलं, काही नाही. शेजारच्या काकू कांदा हुंगवायला धावल्या, कुणी पाणी आणलं. मी कुणाला तोंडात काही घालू दिलं नाही.

108 ला फोन लावून स्पीकरवर ठेवला. “श्वास थांबत चाललाय,” हे आधी सांगितलं, आणि पावडर घेतल्याचंही लपवलं नाही. मग मान मागे केली, नाक दाबलं, दर पाच सेकंदांनी एक श्वास. छाती वर येते का ते बघत राहिले. गाडी येईपर्यंत किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

गाडीतल्या डॉक्टरांनी नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांत त्याने मोठा श्वास घेतला आणि चिडून हात झटकला. तो चिडला याचा मला झालेला आनंद कुणाला समजावू? पावडर मेंदूत ज्या जागा धरून बसते तिथून हे औषध तिला हुसकावतं, असं तुम्ही सांगितलं होतं. त्याचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो आणि पावडर शरीरात शिल्लक असू शकते, हेही सांगितलं होतं. म्हणून “मी बरा आहे, घरी चल” म्हणत होता तरी मी त्याला दवाखान्यातून हलू दिलं नाही. पुन्हा श्वास मंदावला, तेव्हा दुसरा डोस मिळाला तो त्यामुळेच.

हे औषध 1971 पासून वापरात आहे. त्याची नशा होत नाही. जवळच्यांच्या हाताशी ते असावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2014 मध्येच सांगितलंय. मग पावडर घेणारा ज्या घरात आहे तिथल्या माणसांना ते ठेवायला आणि टोचायला शिकवायला नको का? आमच्याकडे गाडी वेळेवर आली. ज्यांच्याकडे येत नाही त्यांचं काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आता तो रोज जिभेखाली बुप्रेनॉर्फिनची, म्हणजे तलफ आवरणारी गोळी ठेवतो. “एक नशा सोडून दुसरी,” असं नातेवाईक म्हणतात. मी त्यांना सांगते, तो सातपूरला पहिल्या पाळीला वेळेवर जातो, रात्री जेवतो, आईशी भांडतो. मध्ये एकदा पाय घसरला, तेव्हा त्याने स्वतः मला फोन केला. पूर्वी लपवलं असतं.

दादा, आभार मानायला शब्द जुळवत होते, पण मला एक कामच मागायचंय. आमच्या गल्लीतल्या दोघी आयांनी गुपचूप येऊन विचारलं, “तुला कसं कळलं?” त्यांच्यासाठी मी एका कागदावर लिहून काढलंय: घोरणं, ओठ, बाहुली, कुशीवर कसं वळवायचं, 108, आणि सल्ल्यासाठी व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा 14446. श्वासाचा भाग बरोबर लिहिलाय का तेवढं बघून द्या. रविवारी या. आई भरीत-भाकरी करणार आहे, आणि धाकटा म्हणतो, दादांना घ्यायला स्टॉपवर मीच जाईन.

तुमची,
त्याची ताई