उसने शब्द

चि. सोनूस,

प्रभूमध्ये अनेक आशीर्वाद.

काल तू म्हणालीस, "आई, प्रार्थनेला बसते, पण शब्दच येत नाहीत. माझा विश्वास गेला बहुतेक." फोनवर सगळं नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

शब्द येत नसतील तर उसने घे. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ एक तृतीयांश विलापाची आहेत, म्हणजे मंडळी, विश्वास ठेवणारे सगळे, पिढ्यान्‌पिढ्या देवापुढे रडतच आली आहे. १३वं स्तोत्र काढ. अवघी सहा वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कुठवर?" हा प्रश्न चारदा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणं आहे आणि पाचव्या-सहाव्यात भरवसा. ज्या दिवशी पाचवं वचन तोंडातून निघणार नाही, त्या दिवशी चौथ्यावर थांब, पुढचं ओढूनताणून म्हणू नकोस. १३वंही फार आशेचं वाटलं तर ८८वं वाच. त्याचा शेवट अंधारातच होतो, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मला त्याचा फार आधार वाटतो. वधस्तंभावर प्रभूच्या ओठी आलेलं वाक्यसुद्धा २२व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे. त्यालाही त्या घटकेला स्तोत्रातलेच शब्द पुरले.

आता रोजचं. उत्पत्तीपासून सगळं शास्त्र वाचून काढायचा निश्चय या दिवसांत करू नकोस. निर्गम संपेपर्यंत उत्साह टिकतो, लेवीय या तिसऱ्या पुस्तकातल्या अर्पणांत माणूस अडकतो, चार दिवस सुटतात, मग सुटल्याची लाज वाटते आणि त्या लाजेपायी पुस्तकच बंद होतं. रोज एक स्तोत्र, दहा मिनिटं, बस. नोकरी गेल्यापासून तुझ्या उठण्याला वेळ राहिलेली नाही, म्हणून घड्याळ लावण्यापेक्षा सकाळच्या चहाला जोड: कप हातात आला की स्तोत्र. मोठ्याने वाच, कारण मनातल्या मनात वाचताना दुसऱ्या ओळीलाच घरभाडं आठवतं. मोबाइलवर नको, छापील प्रत घे. वाचून झालं की वहीत तारीख आणि एकच ओळ लिही, तक्रार असली तरी चालेल. एखादा दिवस सुटला तर दुसऱ्या दिवशी दोन स्तोत्रं वाचून भरपाई करायची नाही; जिथे होतीस तिथून पुढे चल.

आणि जेव, झोप. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला. तो खाऊन पुन्हा झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगराची चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची. दोन आठवडे झोप उडालेली असेल, अन्नावर वासना नसेल, तर डॉक्टरांकडे जायचंच. "प्रार्थनेने बरं होईल, औषध कशाला" असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. जगणं नकोसं वाटलं, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, आम्हाला उठव.

रविवारचं तुला अवघड जातंय, कळतं मला. "कुठे असतेस हल्ली?" हा प्रश्न नको असतो. मग पंचहौदच्या चर्चला पहिली घंटा झाल्यावर ये, मागच्या बाकावर बस, आशीर्वाद झाला की नीघ. गाताना कंठ दाटला तर नुसतं उभं राहा, बाकीचे गातात. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून छपरातून खाली सोडलं, तेव्हा शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्या पक्षाघात्याने आधी काय म्हटलं, ते मार्क सांगतच नाही. मंडळी हवी ती यासाठी. सगळ्यांना सांगत बसू नकोस, पाळकसाहेब आणि एखादी मैत्रीण, एवढ्यांना नेमकं सांग: "बुधवारी माझ्यासाठी प्रार्थना करा आणि गुरुवारी फोन करा." मोघम सांगितलं की लोक विसरतात. "विश्वास कमी पडला म्हणून असं झालं" म्हणणारे भेटतीलच. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर बरोबर होते. चुकले ते बोलू लागल्यावर.

पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. त्यानंतर ५ एप्रिल १९२२ला स्वतःचं देहावसान होईपर्यंत बाई केडगावात मराठी पवित्र शास्त्राच्या भाषांतराचं काम करत राहिल्या. तेव्हा त्यांच्या मनात काय होतं, कुणाला माहीत. हात मात्र रोजच्या पानावर होता. दौंडच्या गाडीने केडगाव फार लांब नाही. तुला वाटलं तर एका शनिवारी दोघी जाऊन येऊ.

रविवारी मागच्या बाकावर भिंतीकडची जागा तुझ्यासाठी धरून ठेवते. डबाही आणते, भात आणि मटणाचा रस्सा.

तुझी,
आई