'अपहोल्डर'ची माणसं टनांत मोजू नयेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातल्या पाणबुड्यांवरचा लेख वाचला. ब्रिटिशांच्या 'अपहोल्डर'ला त्यात चार ओळी मिळाल्या आणि चारही ओळी तिने किती टनांची जहाजं बुडवली याच्याच होत्या. त्यात माणसं कुठेच नाहीत, बुडवणारीही नाहीत आणि बुडालेलीही नाहीत. याचं वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

दोन वर्षांपूर्वी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ठेवलेली आपली 'कुरसुरा' पाणबुडी आतून पाहिली. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून अंग चोरून जावं लागतं. झोपायच्या फळ्या एकावर एक. नातू तिथेच थांबून म्हणाला, "आजोबा, इथे कूस कशी बदलायची?" कुरसुरा 91 मीटर लांब आहे. अपहोल्डर होती जेमतेम 58 मीटरची आणि तिच्यात तीसेक माणसं दोन-दोन आठवडे राहायची. या वर्गाच्या बोटी मुळात आखल्या होत्या त्या पाणबुडीविरोधी जहाजांना सरावासाठी लक्ष्य हवं म्हणून! युद्ध आलं आणि त्यांनाच मोहिमेवर धाडलं.

1941 च्या जानेवारीत अपहोल्डर माल्टा बेटावरच्या ब्रिटिश तळावर आली. भूमध्य समुद्राचं पाणी इतकं नितळ, की खाली गेलेली पाणबुडीही विमानातून दिसू शकते. त्यामुळे दिवसभर पाण्याखाली राहायचं आणि अंधार पडल्यावर वर येऊन डिझेल इंजिनं चालवून बॅटऱ्या भरून घ्यायच्या. सगळा दिनक्रमच उलटा. मुख्य जेवण रात्री, सिगारेट रात्री, कचराही रात्रीच समुद्रात टाकायचा. दिवस मावळेपर्यंत आतली हवा एवढी जड व्हायची, की काडी पेटत नसे आणि डोकी ठणकायची. एक जण पहाऱ्यावर गेला की दुसरा त्याच्याच उबदार अंथरुणात शिरायचा. आंघोळ नाही, प्यायचं पाणी मोजून. पोलादी भिंतींना घाम सुटायचा आणि तो झोपलेल्याच्या अंगावर ठिबकायचा. फावल्या वेळी 'अकर्स'चा डाव मांडायचा. ब्रिटिश नौदलातला हा खेळ म्हणजे आपल्या पचिसीच्याच कुळातला सोंगट्यांचा खेळ. बंदरात परतल्यावर तरी निवांतपणा मिळावा, तर तोही नाही. तळ होता लाझारेट्टोत, प्लेगच्या काळातल्या जुन्या विलगीकरण रुग्णालयात. 1942 च्या सुरुवातीला बॉम्बहल्ले इतके वाढले, की बंदरातल्या पाणबुड्याही दिवसा पाण्याच्या तळाशी जाऊन बसत.

अपहोल्डरचे कप्तान माल्कम डेव्हिड वॉंकलिन यांचा जन्म 1911 मध्ये कोलकात्याचा. सुरुवातीला त्यांचे टॉर्पेडो इतके वाया गेले, की तळप्रमुख सिम्पसन यांच्या मनात त्यांना बदलण्याचा विचार आला होता. मग आली 24 मे 1941 ची संध्याकाळ. सिसिलीजवळ बोटीचं ध्वनिश्रवण यंत्र बंद पडलेलं, उजेड सरत चाललेला, भिस्त एका पेरिस्कोपवर. पहाऱ्याच्या विनाशिका अगदी जवळ असताना वॉंकलिननी उरलेले टॉर्पेडो सोडले आणि सैनिक घेऊन निघालेलं 'कोंते रोसो' हे इटालियन जहाज बुडालं. पुढची वीस मिनिटं वरून 37 डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्यात खोल जाऊन फुटणारे बॉम्ब, पडले. त्या वीस मिनिटांत आतल्या माणसांना करण्यासारखं काहीच नव्हतं. गप्प राहायचं आणि मोजत बसायचं. याच हल्ल्यासाठी वॉंकलिनना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.

पण हे 'कोंते रोसो' मुंबईला अनोळखी नव्हतं. ब्रिटनमध्येच ग्लासगोजवळ बांधलेलं हे इटालियन प्रवासी जहाज 1932 पासून त्रिएस्तेहून मुंबईमार्गे शांघायला जायचं. नाझींच्या तावडीतून सुटू पाहणारी ज्यू कुटुंबं याच जहाजाने शांघायला गेली. बुडालं त्या संध्याकाळी त्याच्यावर सैनिकांसह 2,700 हून अधिक माणसं होती. सुमारे 1,300 जणांना जलसमाधी मिळाली. 'अठरा हजार टन' एवढं लिहिलं की हे सगळं त्या आकड्याखाली दडपलं जातं.

अपहोल्डर स्वतः 1942 च्या एप्रिलमध्ये पंचविसाव्या मोहिमेवरून परतली नाही. ती मोहीम संपवून सगळे मायदेशी जाणार होते. त्याच फेरीत ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर हेर उतरवून आलेले कॅप्टन विल्सन भर समुद्रात 'अनबीटन' या दुसऱ्या पाणबुडीवर गेले, म्हणून वाचले. बाकी कुणीच नाही. त्या युद्धात ब्रिटिशांच्या 70 हून अधिक पाणबुड्या गेल्या आणि पाणबुडी गेली की बहुतेक वेळा सगळेच जातात.

माझी एक विनंती आहे. आपली पहिली पाणबुडी 'कलवरी' 8 डिसेंबर 1967 रोजी नौदलात आली. त्या पहिल्या पिढीतली जी माणसं आज आहेत, ती ऐंशीच्या घरात किंवा पलीकडे आहेत. त्यांच्यात मराठी घरांतले कुणी असतील, तर आपल्या वार्ताहरांनी त्यांना गाठावं. पाण्याखाली ती काय जेवत, कुठे झोपत, घरी परतल्यावर बायको कपड्यांच्या वासाबद्दल काय म्हणे, हे त्यांच्याच तोंडून ऐकून छापावं. येत्या 8 डिसेंबरला पुरवणीचं एक पान त्यासाठी राखून ठेवाल का?

आपला,
एक जुना वाचक, अलिबाग