बाळाच्या ट्यूबची मागची बाजू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेबी क्रीमची पंचवीस ग्रॅमची ट्यूब हातात घ्या आणि तिच्यावर घटकांची यादी शोधा. बऱ्याचदा ती सापडणार नाही, आणि त्यात कंपनीने कायदा मोडला असेही नाही. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे घटक छापणे सक्तीचे आहे. पण ३० ग्रॅमपेक्षा कमी घट्ट आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी पातळ मालाला त्यातून सूट आहे. नेलपॉलिशच्या बाटलीवर जागा नसते, तिथे ही सूट समजू शकते. बाळाच्या क्रीमचे गणित वेगळे आहे. चार-पाच महिन्यांच्या बाळाला मानेपासून तळपायापर्यंत एकदा क्रीम चोळायला साधारण ४ ग्रॅम लागतात. दिवसातून दोनदा लावले, तर ही ट्यूब तीन दिवसांत संपते. महिन्याला दहा ट्यूब वापरणाऱ्या घराला त्या ट्यूबमध्ये काय आहे ते कधीच कळत नाही. शंभर ग्रॅमची एकदम घेणाऱ्याला कळते. ज्याचा खिसा लहान, त्याची माहितीही लहान, असा हा प्रकार आहे. बारशाला भेट येणाऱ्या बेबी किटमधल्या बाटल्याही बहुधा याच मापाच्या असतात.

याने फरक काय पडतो? साडेतीन किलोच्या बाळाच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे ०.२२ चौरस मीटर असते, सत्तर किलोच्या माणसाचे १.८. वजनाने भागून पाहिले तर दर किलोमागे बाळाची त्वचा अडीच पट भरते. म्हणजे तेवढाच जाड थर लावला, तरी बाळाच्या अंगात उतरणारा डोस त्याच्या वजनाच्या मानाने कितीतरी मोठा होतो. त्यावर डायपर बांधला की आतली ओल आणि ऊब यांमुळे औषध किंवा रसायन आणखी जोमाने आत शिरते. फ्रान्समध्ये १९७२ साली एका बेबी पावडरीत चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांच्या वर मिसळले गेले आणि ३६ मुले दगावली. ती पावडर कोणी मुलांना खाऊ घातली नव्हती. ती फक्त अंगाला लावली होती.

आता यादी जिथे छापलेली असते, तिथे ती वाचायची कशी ते सांगतो. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात; एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने चालतात. ही एक टक्क्याची रेघ छापलेली नसते, पण ओळखता येते. पुष्कळ क्रीम-लोशनांत फेनॉक्सिएथॅनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकवणारे, जंतू रोखणारे रसायन) असते आणि ते सहसा एक टक्क्याच्या वर घातले जात नाही. त्याच्या नावानंतर जे येते, ते नाममात्र समजावे. पुढच्या बाजूला बदाम, केशर आणि कोरफडीचे मोठे चित्र असते आणि मागच्या यादीत ही तिन्ही नावे फेनॉक्सिएथॅनॉलच्या खाली, शेपटाला असतात. पैसे चित्राचे मोजलेले असतात.

प्रिझर्व्हेटिव्हविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण गोंधळ तिथेच फार आहे. पॅराबेन हा प्रिझर्व्हेटिव्हचाच एक गट, आणि ‘पॅराबेन-फ्री’ हे शब्द आता चांगुलपणाचा शिक्का झाले आहेत. पाणी असलेल्या कोणत्याही क्रीममध्ये जंतू वाढतात. त्यामुळे प्रिझर्व्हेटिव्ह लागतेच. ते मुळीच नसलेले, घरी घोटलेले कोरफडीचे जेल आठवडाभर बाटलीत ठेवून बाळाच्या फुटलेल्या गालाला लावणे हे जास्त धोक्याचे. पॅराबेनमधले मिथाइल आणि इथाइल हे प्रकार त्वचेला ॲलर्जी करण्यात फारच मागे आहेत. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या (एखादी वस्तू त्वचेला लागून होणाऱ्या दाहाच्या) तज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली पॅराबेनला ‘वर्षाचा बिन-ॲलर्जीकारक’ असे मुद्दाम जाहीर केले. प्रोपाइल आणि ब्युटाइल यांच्याबाबत युरोपने सावधगिरी बाळगली आहे: तीन वर्षांखालच्या मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते चालत नाहीत. हा भेद लक्षात न घेता सगळेच पॅराबेन काढले गेले आणि त्यांच्या जागी अनेक ठिकाणी मिथाइलआयसोथायाझोलिनोन आले. त्याने ॲलर्जीची एवढी लाट आणली की २०१३ साली याच संघटनेने त्याला ‘वर्षाचे ॲलर्जीकारक’ ठरवले आणि २०१७ पासून युरोपात ते धुऊन न टाकायच्या प्रसाधनांत बंद झाले. ओल्या टिश्यूच्या पाकिटावर हे लांबलचक नाव दिसले तर ते पाकीट परत ठेवा. डीएमडीएम हायडॅन्टॉइन, क्वाटर्नियम-१५, इमिडॅझोलिडिनाइल युरिया ही नावे फॉर्मल्डिहाइड हळूहळू सोडणाऱ्या प्रिझर्व्हेटिव्हची. तीही बाळाच्या मालात नकोत.

सुगंधाचे तसे नाही, तो काढून टाकला तर काहीच बिघडत नाही. यादीत ‘परफ्युम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ एवढा एकच शब्द असतो आणि त्यामागे वीस-तीस रसायने असू शकतात. युरोपात पूर्वी त्यांतली २६ ॲलर्जीकारक द्रव्ये नावानिशी छापावी लागत. २०२३ च्या सुधारणेने ही संख्या ऐंशीच्या वर गेली. आपल्याकडे एक शब्द पुरतो. ‘बाळाचा वास’ म्हणून जो आपल्या नाकात बसला आहे, तो पुष्कळदा या शब्दाचाच असतो. ‘टियर-फ्री’, ‘हायपोॲलर्जेनिक’, ‘डर्मॅटॉलॉजिस्ट टेस्टेड’ या शब्दांना कायद्याची व्याख्या नाही. ते वाचण्यात वेळ घालवू नये.

ट्यूबवर निदान मागची बाजू तरी असते. आपल्या घरांत, नाशिकच्या भद्रकालीतल्या किराणा-मसाल्याच्या दुकानांतून आणि रविवार कारंजावरून पुडीत जे येते, त्याला मागची बाजूच नसते. काजळ घ्या. सुट्या सुरम्याचा मूळ घटक पुष्कळदा शिशाचा खनिज सल्फाइड असतो. बाळ डोळे चोळते, बोट तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. मुलांच्या रक्तात शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेल्या काजळीत शिसे नसते हे खरे, पण आजीच्या बोटाचे जंतू आणि काजळीचे कण अश्रुनलिकेच्या तोंडाशी जातात, आणि मग डोळा चिकटतो. दृष्ट काढायचीच असेल तर तीट तळपायाला लावावी.

बोरिक पावडर अजूनही मेडिकलमध्ये सहज मिळते. कॅरमबोर्डवर जी टाकतात, तीही पुष्कळदा हीच. घामोळ्यांवर आणि जांघेतल्या लालीवर ती भुरभुरण्याची सवय जुनी आहे. फुटलेल्या त्वचेतून बोरिक ॲसिड झपाट्याने रक्तात जाते आणि लहान मूत्रपिंडाला ते लवकर बाहेर टाकता येत नाही. उलट्या, अंग लालबुंद होऊन साल निघणे आणि झटके इथपर्यंत प्रकरण जाते. मोठ्यांच्या घामोळ्यांच्या पावडरीत बोरिक किंवा सॅलिसिलिक ॲसिड आणि मेंथॉल असू शकते. तो डबा बाळासाठी नाही, मग ऊन चाळीस अंशांचे का असेना. बाळाच्या घामोळ्यांना सुती झबले, वारा आणि साध्या पाण्याचे स्पंजिंग पुरते.

कापूर आणि कापूर असलेले छातीला चोळायचे बाम दोन वर्षांच्या आत नकोत. कापूर त्वचेतूनही शोषला जातो आणि पोटात गेला तर झटके येतात. बाळाच्या कपड्यांच्या घडीत डांबर गोळ्या ठेवू नयेत. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ कपड्यात मुरते, आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, बाळ पिवळे पडते. न्हाऊ घातल्यावर डोक्याला आणि अंगाला लावतात त्या वेखंडाच्या पुडीचा पहिला त्रास तिची बारीक भुकटी श्वासात जाण्याचा. शिवाय वेखंडातला बीटा-ॲसरोन हा घटक प्राण्यांवरच्या चाचण्यांत कर्करोगकारक ठरल्याने अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत बंद केले. इकडे आपण तोच वेखंड गुटीत उगाळतो.

डाळीचे पीठ आणि साय यांबद्दल लोक चिडतात, पण सांगणे भाग आहे. धडधाकट त्वचेवर त्यांनी फारसे बिघडत नाही. रखरखीत होण्यापलीकडे काही होत नाही. ज्या बाळाच्या गालावर, कोपरांच्या घडीत लाल, खाजरे चट्टे आहेत, त्याच्या फुटलेल्या त्वचेवर दूध, गव्हाचे पीठ, बदाम किंवा शेंगदाण्याचे तेल चोळले, तर शरीर त्या पदार्थाला आधी कातडीतून ओळखते आणि शत्रू ठरवते. पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर गांधी उठतात. उटण्यातली हळद सुटी, भडक पिवळी घेऊ नये; पिवळ्या रंगासाठी शिशाचे क्रोमेट मिसळल्याची उदाहरणे भारतीय उपखंडात सापडलेली आहेत. तेलांत मोहरीचे तेल नवजात त्वचेचे कवच कमकुवत करते; ऑलिव्हचेही तेच, भाव कितीही असो. खोबरेल चालते. मिनरल ऑइलचे ‘बेबी ऑइल’ त्वचेला त्रास देत नाही, पण बाळाने बाटली तोंडाला लावली आणि ठसका लागला तर ते पातळ तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. बाटली मालिशीच्या चटईवर उघडी ठेवू नये.

पावडरीचा धोकाही असाच, श्वासातून आत जाण्याचा. पावडरीतल्या टाल्क या खनिजाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै २०२४ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या २-अ गटात टाकले, त्याची चर्चा झाली. तान्ह्या बाळाला रोजचा धोका मात्र त्या भुकटीचा ढग नाकातोंडात जाण्याचा आहे, आणि तो टाल्क नसलेल्या पावडरीलाही लागू आहे.

सगळ्यांत मोठे नुकसान आम्हाला ज्या वस्तूने होताना दिसते, ती प्रसाधन नाहीच. ती म्हणजे शेजारणीने सुचवलेली किंवा काउंटरवरून ‘डायपर रॅशसाठी’ म्हणून दिलेली मिश्र मलमाची ट्यूब: स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र. दोन दिवसांत लाली जाते, म्हणून महिनोन् महिने लावली जाते. ट्यूबवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव असेल, डाव्या बाजूला लाल उभी रेघ असेल, तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. २०१८ साली १४ स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकण्याची उरलीसुरली सवलतही केंद्राने काढून घेतली. डायपरखाली असे मलम म्हणजे बंद खोलीत धुरी. कातडी पातळ होते, तोंड गोल सुजते, वाढ थांबते. आणि अचानक बंद केले तर लाली दुपटीने परतते, म्हणून आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच थांबवा. साध्या लालीला झिंक ऑक्साइडचे घट्ट मलम जाड थराने लावावे आणि दर वेळी घासून काढू नये. वरची घाण तेवढी पुसावी, मलम राहू द्यावे. जांघेच्या घडीत लाली असून तिच्या कडेला सुटे लाल ठिपके असतील, तर ती बुरशी आहे. तिथे झिंक पुरत नाही.

निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो तेव्हा कढत पाण्याने वीस मिनिटे न्हाऊ घालण्याचा मोह होतो. पाणी ३७-३८ अंश असावे, आंघोळ पाच ते दहा मिनिटांची, साबणाऐवजी सामू (pH) ५.५ च्या आसपास असलेला सौम्य सिंडेट बार, म्हणजे साबण नसलेली धुण्याची वडी. साध्या साबणाचा सामू ९-१० असतो. टिपून घेतल्यावर तीन मिनिटांच्या आत बिनवासाचे क्रीम लावावे. नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा सात दिवस लावून पाहावी. दहा मिनिटांत ‘काही झाले नाही’ याला अर्थ नाही. ॲलर्जीची लाली दोन-तीन दिवसांनी उठते.

राहिला प्रश्न तपासणीचा. पुणे आणि नाशिकमधून २०१८ साली उचललेले एका नामांकित बेबी पावडरीचे नमुने शिशूंच्या पावडरीच्या आयएस ५३३९ या मानकातील सामूच्या कसोटीला उतरले नाहीत, म्हणून अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीचा उत्पादन परवाना रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली. नव्या चाचण्यांत पावडर मानकात बसली होती आणि एवढ्या उशिरावर न्यायालयाने बोट ठेवले. कंपनी बरोबर की प्रशासन, हा वाद बाजूला ठेवला तरी चार वर्षे हा काळ फार झाला. नमुना उचलला तेव्हा रांगणारे मूल तोवर शाळेत जाऊ लागलेले असते.

म्हणून प्रशासनाच्या नाशिक विभागाकडे आमच्या दोन मागण्या आहेत: बालप्रसाधनांच्या नमुन्यांचे निकाल, मग ते पास असोत की नापास, ठरावीक मुदतीत बॅच क्रमांकासह जाहीर करावेत, आणि ३० ग्रॅमची सूट निदान तीन वर्षांखालच्या मुलांच्या मालाला लागू नसावी, अशी शिफारस केंद्राकडे पाठवावी. गोळे कॉलनीतल्या घाऊक औषध विक्रेत्यांनाही एक विनंती: बोरिक पावडर बेबी मालाच्या शेजारी मांडू नये.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० चे कलम २६ फारसे कोणी वापरत नाही. विकत घेतलेले प्रसाधन ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा आणि सहीचा अहवाल मागण्याचा हक्क त्याने कोणत्याही ग्राहकाला दिला आहे. त्यासाठी बिल आणि बॅच क्रमांक वाचता येईल असे मूळ पाकीट लागते. तेव्हा बाळाच्या अंगावर काही उठले तर ट्यूब कचऱ्यात टाकू नका. झाकण लावून, बिलासह, एका पिशवीत बांधून ठेवा.

आपले,
नाशिकमधील काही त्वचारोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट